आईची सही आणि माझी इंटर्नशिप

सोमवार, ५ मे

बूट चावले. एवढंच लिहून झोपावंसं वाटतंय, पण सुट्टी संपल्यावर कॉलेजला इंटर्नशिपचा रिपोर्ट द्यायचाय आणि माझ्या डोक्याचा भरवसा नाही. तेव्हा लिहिते.

लवळ्याहून स्कूटीवरून, सूसमार्गे बाणेर. निघताना पँट काळी होती, पोचेपर्यंत राखाडी. रिसेप्शनवरच्या मुलीने न बोलता टिश्यूचा डबा पुढे केला. वकिलांच्या या ऑफिसात एसी इतका की बोटं वाकेनात. इथे खून नाहीत, मारामाऱ्या नाहीत, घटस्फोट नाहीत. कंपन्या, करार, जमिनी, भाडेपट्टे. बाबांना हे समजावताना नाकी नऊ आले. "मंग कोर्टात कदी जानार?" म्हणाले. कोर्टात जायची वेळ येऊ नये म्हणूनच ही फर्म, असं मी सांगितलं, तर म्हणाले, "मंग वकील कशाला पायजेल?" घ्या!

दुसरा इंटर्न अनिमेष, इंदूरचा, मोठ्या लॉ स्कूलमधला. त्याचे बूट चावत नाहीत.

आणि शुभांगी मॅडम. पार्टनर आहेत. ठेंगण्या, आवाज हळू, पण केबिनमधून बाहेर आल्या की सगळे खुर्चीत सरळ होतात. मला म्हणाल्या, "मुळशीतली ना तू? गावचं बोलता येतं, का कॉलेजात विसरलीस?" मी म्हटलं, "येतंय की!" त्या हसल्या. मी तिथेच खलास.

बुधवार, ७ मे

आज माझी चांगलीच जिरली आणि तरी मी खूश आहे.

एका कंपनीला गोदामासाठी पौडकडे जमीन घ्यायचीय. विकणारे दोन भाऊ. बहीण भागूबाई, तिने हक्कसोडपत्र द्यायचं, म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावांसाठी सोडून द्यायचा. आमच्याकडे सगळ्याच बहिणी देतात. भाऊ गाडी करून नेतो, सही होते, साडी-चोळी होते, जेवण होतं, संपलं.

शुभांगी मॅडमकडे तसं नाही. त्यांचा नियम असा की बहीण एकटी आत. भाऊ बाहेर, नवरा बाहेर, आणि साडीची पिशवीसुद्धा बाहेर. सही होईपर्यंत त्या खोलीत साडी येत नाही. मग कागद तिच्या बोलीत वाचून दाखवायचा. ते काम मला दिलं! मी झकास वाचलं. भागूबाई प्रत्येक ओळीला "व्हय, व्हय" म्हणत होत्या. शेवटी मी आपली माझ्या मनानेच म्हणाले, "मावशी, काळजी करू नका, सही केली की माहेर कुठं जात न्हाई."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग भागूबाईंना विचारलं, "काय समजलं, ते तुमच्या शब्दांत सांगा बरं."

"भाव साडी घेनार हायेत. मंग माह्यार ऱ्हातंय."

मॅडम मला म्हणाल्या, "या कागदात माहेर हा शब्द कुठे आहे, दाखव." माझे कान असे तापले! पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. या वेळी सरळ सांगितलं: मावशी, ही जमीन भावांइतकीच तुमची हाय. सही केली की तुमची न्हाई. केलीच पायजे असं बी न्हाई.

भागूबाईंनी कागदावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मला ठावं हाय गं. तरी देते. थोरल्यानं माज्या लेकराचं आजारपण काढलंय." आणि सही केली. मॅडमनी एका शब्दाने अडवलं नाही.

नंतर मी म्हटलं, मॅडम, तुम्ही किती विचार करता बायकांचा. तर फटकन म्हणाल्या, "आपण तिचे वकील नाही. कंपनीचे आहोत. न समजता दिलेली सही उद्या कोर्टात टिकत नाही. आपल्या क्लायंटला असला कागद द्यायचा का?" कसलं भारी! दया नाही, पुळका नाही, तरी त्या खोलीत भागूबाईंना जेवढा मान मिळाला तेवढा कुठल्याच ऑफिसात मिळाला नसता.

घरी आईला सांगितलं. नाव-गाव सांगितलं नाही, तेवढं मला कळतं. आई हॉस्टेलच्या मुलींचे डबे भरत होती; भाड्याच्या खोल्या आणि डबे, यावरच आमचं घर चालतं. तिने विचारलं, "आन् त्या बाईनं सही केलीच नसती तर?" म्हटलं, मग तीसुद्धा भावांबरोबर विकणारी झाली असती, आणि तिचा वाटा तिला मिळाला असता. "भावायेवढाच?" तेवढाच. मग परत विचारलं, लग्न झालं असलं तरी? परत सांगितलं. आईला कायद्यातलं कळायला जरा वेळ लागतो.

शनिवार, १० मे

अर्धा दिवस. अनिमेष म्हणे, "यार, तुम्हारे यहाँ बहनें सच में ऐसे ही ज़मीन छोड़ देती हैं?" मी म्हटलं, तुमच्याकडे काय करतात? तो म्हणाला, "मालूम नहीं. बुआ से कभी पूछा नहीं."

मला इथेच नोकरी पाहिजे. हे आज ठरलं. शुभांगी मॅडमसारखं व्हायचंय, त्यांच्यासारखं बोलायचंय, पेनसुद्धा त्या धरतात तसं धरायचंय. आई म्हणते घरात मॅडमचं नाव देवापेक्षा जास्त वेळा निघतं.

सोमवार, १२ मे

आज दार लावून लिहितेय.

नवी फाईल आली. ताम्हिणीकडे रिसॉर्ट काढणारी कंपनी, मोठं काम. मॅडमनी मला सातबारे वाचून सारांश काढायला दिला. मी मारे ऐटीत बसले. पहिलं नाव हैबतराव. गाव बघितलं. माझा मामा! हसूच आलं, मामा रिसॉर्टवाल्यांना जमीन विकतोय आणि घरात कुणाला पत्ता नाही. आणि खाली दुसरं नाव, साळूबाई वाल्मीक.

वाल्मीक म्हणजे माझे बाबा. साळूबाई म्हणजे आई. पणजीचं नाव ठेवलंय तिला, तिला ते आवडत नाही, म्हणून मामा सोडून कुणी घेत नाही.

वारसा कायद्याच्या पेपरात मी वर्गात पहिली होते. मुलीचा वाटा मुलाइतका, हे मी किती वेळा घडाघडा म्हणून दाखवलंय. पण आई कुणाची तरी मुलगी आहे, हे माझ्या टाळक्यात कधी आलंच नाही. आजोबा गेल्यापासून ती जमीन मामाची, असंच आम्ही सगळे धरून चाललोय.

फाईलमध्ये पुढे लिहिलंय, बहिणीचं हक्कसोडपत्र घेणे.

मॅडमना सांगितलं नाही. सांगितलं तर काम जाईल. कदाचित इंटर्नशिपही. नाही सांगितलं तर मी कोण? घरी आले तर आईने वांग्याचं भरीत केलं होतं. नीट जेवलेसुद्धा नाही.

मंगळवार, १३ मे

सांगितलं. सकाळी गेल्या गेल्या, पर्स खाली ठेवायच्या आधी.

मॅडम रागावल्या नाहीत. माझ्यासमोरच कंपनीला कळवलं की आमच्या एका इंटर्नचं या जमिनीच्या मालकांशी नातं आहे, ती या कामावर नाही. मग फाईल उचलून अनिमेषच्या टेबलावर ठेवली. मला म्हणाल्या, "बरं झालं लगेच सांगितलंस. आता नीट ऐक. जे वाचलंस ते कंपनीने आपल्यावर विश्वास ठेवून दिलंय. घरी एक शब्द नाही. आईला नाही, वडिलांना नाही, मामाला नाही."

"पण मॅडम, आईला तर..."

"आईलाच तर नाही."

"आणि मी इंटर्नशिप सोडली तर?"

त्या म्हणाल्या, "काम सुटतं ऋतिका, तोंड सुटत नाही."

मला आता आयटी कंपन्यांचे भाडेपट्टे तपासायला दिलेत. पार्किंग कुणाचं, जनरेटर कुणाचा. बाथरूममध्ये जाऊन रडले. आणि गंमत म्हणजे मला मॅडमचा राग येत नाहीये. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. निदान केलं असतं अशी आशा आहे.

रविवार, १८ मे

मामा आला. आंब्याची पेटी घेऊन. मामा वाईट नाही, हे इथे लिहून ठेवते, कारण मला त्याचा भयंकर राग आलाय. माझ्या बारावीला सगळ्या गावात पेढे त्याने वाटले होते.

चहा झाल्यावर म्हणाला, "साळे, एक सही लागती तुजी. जागेचं गिऱ्हाईक आलंय. हिकडंच मानूस धाडतो, तुला तरास नको."

मी भिंतीला टेकून उभी. जीभ अशी चावून धरली की दुखतेय अजून. बोल ना आई, विचार ना काहीतरी, असं मनात किंचाळत होते.

आई म्हणाली, "मानूस नको धाडू. वकिलाचं हापीस आसंल ना? मी तितं येती."

"आगं, बानेरला जावं लागंल. कशापायी येवडं?"

"गाडीत बसून जायाची हौस हाय मला. आमची रितू बी बानेरलाच हाय. बघू दे की तरी कुटं जाती रोज ती."

मामा हसला, म्हणाला बरं बाई, घालतो तुला गाडीत. त्याला अजून माहीत नाही की ती फर्म आमचीच. मी तोंड उघडलं नाही.

आईला माझं ऑफिस बघायची एवढी हौस! एरवी ती मुलींचे डबे सोडून पिरंगुटच्या बाजारालासुद्धा जात नाही. लग्नाची जरीची साडी पेटीतून काढून उन्हात टाकलीय. मला गलबलून आलं. तिथे जाऊन ती हसत हसत स्वतःचा वाटा सोडणार आणि मी पलीकडच्या टेबलावर जनरेटरचं कलम वाचत बसणार.

बाबांना बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही आईला काही सांगणार का? ते म्हणाले, "तिच्या माह्यारच्या जमिनीत मी त्वांड घालनार न्हाई. लोक म्हनतील जावयानं फितवलं." म्हणजे सगळ्यांनाच सगळं माहीत आहे आणि सगळे गप्प आहेत. मीच एकटी कायद्याने गप्प आहे.

मंगळवार, २० मे

आई म्हणाली, "तोंडात मिठाची गुळणी धरल्यावानी का बसतीस गं हल्ली? मागं तर मॅडम मॅडम करून कान किटवलेस."

म्हटलं, काम खूप आहे.

"बरं. मंग एवडंच सांग. तुमची ती मॅडम बाईला एकटीलाच आत घेती, हे खरं ना? का कुनी मोटा मानूस आसला तर भावाला बी आत सोडती?"

मी म्हटलं, कुणीही असो, एकटीलाच.

"मंग ठीक हाय," म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

मी घाबरले, हे सांगणं नियमात बसतं का? हा तर मी पूर्वीच सांगितलेला ऑफिसचा नियम, फाईलमधला नाही. तरी सकाळी मॅडमना सांगणार आहे. एकटीने आत जायची भीती वाटत असणार तिला.

बुधवार, २१ मे

मॅडमना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आईचं शिक्षण किती?" सातवी, म्हटलं. "अच्छा," म्हणाल्या, आणि का कोण जाणे, हसल्या. मला नाही आवडलं. सातवी झालेल्या बाईला कमी समजणाऱ्यांपैकी मॅडम नाहीत, असं मला वाटत होतं.

सोमवार, २६ मे

सगळं लिहिते. एकही गोष्ट सुटायला नको.

मामा जीप घेऊन आला. मामी, चुलतमामा आणि पुढच्या सीटवर आई. मी आधीच पोचले होते. लिफ्टमधून मंडळी बाहेर आली आणि मामाने मला बघितलं. "तू हितं? हेच हापीस तुजं?" म्हटलं, हो मामा, पण मी या कामावर नाही. तो खूश झाला. "म्हंजी घरचंच झालं की!" म्हणून सगळ्या रिसेप्शनला ऐकू जाईल असा हसला.

त्याच्या हातात साडीची पिशवी होती, पेढ्यांचा बॉक्स होता. शुभांगी मॅडम बाहेर आल्या, आईला नमस्कार केला आणि मामाला म्हणाल्या, "पिशवी बाहेर ठेवा. तुम्हीही बाहेर बसा."

"अवो, भनीची ओवाळनी हाय. लाच न्हाई द्यायला लागलो."

"म्हणूनच म्हणते. नंतर द्या, काम झाल्यावर. ओवाळणीला घाई नसते."

आई एकटी आत गेली. साक्षीला अनिमेष. कागद मॅडम स्वतः वाचणार होत्या. दार लागलं. मी माझ्या टेबलावर. समोरचं भाडेपट्ट्याचं पान मी किती वेळा वाचलं देव जाणे, कुठल्या कंपनीचं होतं तेही सांगता येणार नाही. मनात एकच, मॅडम, भागूबाईंसारखं विचारा हो तिला, काय समजलं ते विचारा. मामी पदराने वारा घेत होती, त्या गार एसीत.

दार उघडलं. आई दारातच उभी राहिली. ती बोलेपर्यंत मला तिच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळलं नाही.

"दादा," ती म्हणाली, "इकायला माजी ना न्हाई. तुला इकायचंय, खुशाल इक. पर माजं नाव सोडनाऱ्यात नको घालू. इकनाऱ्यात घाल."

मामाला कळलंच नाही आधी. "म्हंजी?"

"म्हंजी तुज्या शेजारी माजी बी सही. आन् माजा वाटा माजा."

मामाचा चेहरा असा उतरला की मलाच बघवेना. "साळे, तुला काय कमी हाय? खोल्या हायेत, भाडं हाय, पोरगी वकील हुतीय. तुला कोनी शिकिवलं ह्ये?" आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. "हिनं?"

मी उठले, पण आईनेच हात केला, बस म्हणून. "ती बोलती कुटं? गेलं पंधरा दिवस घरात मुकी झालीय पोर. तिला बोल लावू नको."

"आय-आबा असते तर..."

"आबा असते तर तेंलाच इचारलं असतं." आईचा आवाज पहिल्यांदा फाटला. "मी बी तेंचीच हाय ना रं, दादा?"

मामाने पिशवी उचलली, परत बाकावर ठेवली, परत उचलली. म्हणाला, "आता दिवाळीला बोलावनं येनार न्हाई." आणि सगळे लिफ्टने खाली गेले. पेढे घेऊन.

मॅडम आईला म्हणाल्या, "घाईने काही करू नका. तुमचा स्वतःचा वकील बघा, कारण मी कंपनीची आहे. आणि पाणी प्या." एवढंच. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझे भाडेपट्टे झाले?" मी म्हटलं, नाही. "मग उद्या. आज आईला घरी ने."

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. दुसऱ्या कुणी कौतुक केलं असतं, पाठ थोपटली असती. कंपनीचं काम लांबलं, आता किती बोलणी खावी लागतील त्यांना, पण चेहऱ्यावर एक रेघ नाही.

अनिमेषने मला आपलं हेल्मेट आईसाठी दिलं. आत काय झालं हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एकदम सभ्य पोरगा आहे.

जरीच्या साडीवर हेल्मेट घालून आई स्कूटीवर मागे बसली. सूस आल्यावर मी म्हटलं, "मॅडमनी किती छान समजावलं ना गं तुला?"

"ती कशाला समजावती? तिनं नुसतं वाचलं. मी आदीच ठरवून गेले हुते."

मग तिला हे सुचलं कसं, मला अजून कोडं आहे. टीव्हीवर बघितलं असेल, किंवा हॉस्टेलच्या कुठल्यातरी मुलीने सांगितलं असेल.

मी म्हटलं, "आई, माझ्या कॉलेजच्या फीसाठी मामाशी वाकडं घ्यायची काय गरज होती? मी कर्ज काढलं असतं."

आईने मागून माझ्या खांद्यावर चापट मारली. "फीसाठी? तुज्यासाठी न्हाई केलं काई."

"मग?"

"मला पायजे. म्हनून."

आंबा, चादर, पंख्याखालची जागा, काहीही असो, आई म्हणते, मला नको, तुमी घ्या. मला पायजे हे तिच्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकलं. समोर डंपर होता म्हणून बरं, गप्प राहायला निमित्त मिळालं.

गुरुवार, २९ मे

आई दोन दिवस घरात कुणाशी धड बोलत नाहीये. डबे मात्र वेळेवर. बाबांनी ओळखीच्या वकिलाचा नंबर आणून मुकाट्याने फ्रिजवर चिकटवला.

आज संध्याकाळी मी घरी आल्यावर तिने मामाला फोन लावला. वाजला वाजला आणि बंद झाला. परत लावला, तेच. फोन मांडीवर ठेवून बसली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला वाटलं, आता डळमळणार. मी तरी डळमळले असते. मी जवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "आई, अजून सही झालेली नाही. तुला वाटत असेल तर..."

तिने नाक पुसलं.

"भाव गेला म्हनून रडतीय," म्हणाली, "वाटा घेतला म्हनून न्हाई. वकिलाला फोन लाव."